'अनब्रेक' होतं का?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या मराठी शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवते. वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात. कुणाचे वडील मागावर, कुणाची आई विड्या वळते.

त्या दिवशी उपसर्ग होते. सुरुवात 'प्रीपोन'ने केली, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आधी घेणं. 'पोस्टपोन' लॅटिनमधून आलेला, पोस्ट म्हणजे नंतर, पोनेरे म्हणजे ठेवणं. आपल्याकडच्या लोकांनी त्याच धर्तीवर 'प्रीपोन' रूढ केला आणि आज ऑक्सफर्डच्या शब्दकोशात तो भारतीय इंग्रजी म्हणून आहे. "मग आम्हीपण करू?" मुलं म्हणाली. मी म्हटलं, करा.

वह्या भराभर आल्या. एका मुलाने 'अनब्रेक' लिहिला होता. मी त्यावर लाल फुली मारली. "का बाई? अनटाय चालतो, अनलॉक चालतो, मग हा का नाही?"

मला उत्तर येईना. क्रियापदाला 'अन' लागला की केलेलं उलटं होतं, एवढं मला ठाऊक होतं. पण मग 'ब्रेक'ला का लागत नाही?

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, गाठ सोडली की दोरी होती तशी होते. मागावर धागा तुटला की पप्पा गाठ मारतात. माग चालू होतो, पण चादरीवर हात फिरवला की गाठ लागते. तुटलेलं परत पहिल्यासारखं होत नाही."

वर्ग गप्प झाला. मीही. इतकी वर्षं मी उपसर्गांच्या याद्या पाठ करून घेत आले, हा नियम एकदाही सांगितला नव्हता.

मग तास तिथेच रमला. मराठीत बांधलेलं सोडतात, शिवलेलं उसवतात, गुंडाळलेलं उलगडतात. प्रत्येकाला वेगळं क्रियापद. इंग्रजी तिन्ही ठिकाणी 'अन' लावून मोकळी होते. हे मला फार सुंदर वाटतं, दोन्हीकडचं.

फुली मी खोडली. शब्द बरोबर होता म्हणून नव्हे, प्रश्न खरा होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने वहीत दोन रकाने करून आणले. डावीकडे अनटाय, अनरोल, अनपॅक. उजवीकडे 'अन' न लागणारे: ब्रेक, बर्न, कुक. सर्वांत खाली डाय. मला वाटलं मरण. स्पेलिंग पाहिलं, तर शेवटी वाय ई.

"रंग, बाई," ती म्हणाली. "आमचा पक्का असतो."