धुक्याची चौकट: गाठी हरल्या, सरळ दोरा जिंकला

धुक्यातलं पाणी दोऱ्यांवर धरायचं, तर दोरा सरळ बरा की गाठी मारलेला, हे मी चौकटी करून पाहत होतो. पाच सकाळींची मापं हातात आली आणि गाठींवरचा माझा भरवसा उडाला.

वीस सेंटीमीटरच्या तीन चौकटी. पहिलीत दुहेरी शेडनेट. दुसरीत तंगुसाचे पन्नास उभे दोरे, चार-चार मिलिमीटरवर, आडवा दोरा एकही नाही. ही मांडणी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या ‘फॉग हार्प’वरून, म्हणजे नुसत्या उभ्या तारांच्या धुकं धरायच्या चौकटीवरून घेतली. साध्या जाळीच्या भोकांत थेंब अडकतात, भोकं बुजतात आणि वारा बाजूनं निघून जातो. उभ्या तारांवरून थेंब सरळ खाली घसरतो, हे त्यांनी 2018 मध्ये दाखवलं.

तिसरीत तेच दोरे, पण गाठी मारलेले. 2010 मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी कोळ्याचा ओला धागा तपासला. ओला झाला की त्यावर ठरावीक अंतरानं गाठीसारखे फुगवटे येतात, आणि बारीक भागावरचे थेंब आपोआप फुगवट्याकडे ओढले जातात. आत्यानं दोन संध्याकाळ बसून तीनशे गाठी मारून दिल्या. “तंगुसाची गाठ सुटती रे, दोनदा फिरव,” हेही तिनंच शिकवलं.

घरामागच्या परसात तिन्ही चौकटी जवळजवळ कोरड्याच राहिल्या. आपलं हिवाळी धुकं दाट असतं खरं, पण वारा पडलेला असतो. वारं धाग्याला वळसा घालून जातं, त्यातला थेंब वळत नाही म्हणून धाग्यावर आदळतो. वाराच नसेल तर आदळणार काय? दहिवराचं वेगळं. तिथं वस्तू स्वतः रात्री गार होते आणि वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते.

मग चौकटी बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या उतारावर, मित्राच्या शेतात नेल्या. त्यातल्या सगळ्यात चांगल्या सकाळी सरळ दोऱ्यांखाली 38 मिली, गाठींखाली 21, शेडनेटखाली 17. आत्या सोबत होती. तिनं आधी ओळखलं: “पाणी गाठीला लोंबकळतंय बघ, उतरंना.”

अगदी तसंच होतं. कोळ्याचा फुगवटा केसाहून बारीक, माझी गाठ त्याच्या कितीतरी पट मोठी. त्या मापावर ओढ क्षीण पडते, आणि गाठीच्या वळशात थेंब इतका घट्ट धरला जातो की पुरेसा जड होईपर्यंत हलतच नाही. कोळ्याची युक्ती थेंब जमवण्याची आहे; मला तो खाली सोडायचा होता. हा फरक मी आधी पाहायला हवा होता.

सरळ दोऱ्यांतही एक दोष निघाला. ताण जरा सैल झाला की ओले शेजारी दोरे एकमेकांना चिकटतात आणि मधे पाण्याचा पडदा धरतो. त्यावर वडगावच्या एका मागवाल्याकडून मागाची जुनी फणी आणली आहे, ताण्याचे धागे वेगळे ठेवणारी. पोलादी पात्या दोन्ही टोकांना पक्क्या, सैल व्हायचा प्रश्नच नाही. फटी मात्र फार बारीक आहेत, म्हणून एकाआड एक पाती काढायला घेतली आहे. चाळीस निघाल्या. धुकं पडेल त्या पहिल्या सकाळी उतारावर लावतो.