दीड हात कोटा

दुपारी अडीच-तीनचा सुमार. मे महिन्यातलं इंदूर, कूलर भणभणतोय, ह्यांची वामकुक्षी रंगात आलेली. पाणी प्यायला म्हणून उठले, तर आमचा कुत्रा जीरू मागच्या मोरीच्या दारात आडवा. मागचे दोन्ही पाय मागे फेकलेले, पोट फरशीला चिकटवलेलं, जीभ एका बाजूने बाहेर. त्याची गादी दिवाणखान्यात, बरोब्बर पंख्याखाली. धुता येणारी खोळ, तिन्ही कडांना लोड, लेकीने ऑनलाइन मागवलेली. त्या गादीवर सध्या आमचा पेपर झोपतो.

जीरू झोपतो तो तुकडा दीड हाताचा. कोटा स्टोन. हिरवट-निळसर, एका कोपऱ्यात टवका उडालेला. अख्ख्या घरात कोटा उरलाय तो एवढाच.

या तुकड्यामागे मोठं महाभारत आहे आणि ते सांगितल्याशिवाय माझ्याच्याने पुढे जाववणार नाही. सुदामा नगरातलं हे घर बांधलं तेव्हा खाली सगळा कोटाच होता. राजस्थान इथून काही फार लांब नाही, त्यामुळे त्या काळी ज्याचं बांधकाम निघे त्याच्या दाराशी या लाद्यांची चळत लागायची. चुनखडीचा दगड. उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात पाय न सरकणारा, आणि चार दाणे डाळीचे सांडले तर संध्याकाळच्या केरापर्यंत कुणाला दिसतही नाहीत. मग व्हिट्रिफाइड टाइल्सची लाट आली. शेजारी बसल्या, समोर बसल्या, नणंदेकडे बसल्या. नणंदेकडे बसल्यावर मग काय! ह्यांनी नमुना आणून माझ्यासमोर धरला. "बघ, तोंड दिसतं."

मी म्हटलं, तोंड बघायला बेसिनवर आरसा आहे.

पण माझं मत एकटीचं. टाइल्स बसल्या. मोरीशी येईपर्यंत माल कमी पडला, मिस्त्री "बाद में कर देंगे, आंटी" म्हणून गेला तो गेलाच. तेव्हापासून मी बोलत आलेय, पावसाळ्यात सरकतात, थंडीत चावतात, पाहुणे "वा वा" करून जातात आणि मागे सासूबाई भिंत धरून संडासापर्यंत जातात. कुणी मनावर घेतलं नाही. घेतलं ते जीरूने.

जीरूचं पूर्ण नाव जीरावन. छप्पन दुकानच्या मागच्या गल्लीत लेकीला भर पावसात सापडला तेव्हा ओंजळीएवढा होता, अंग पांढरट आणि त्यावर तपकिरी-काळे ठिपके, पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरावा तसे. इंदुरी माणसाला हे नाव एकदा सांगितलं की पुरतं. लेकीच्या पुण्यातल्या मैत्रिणींना मसाल्याची पुडी दाखवावी लागली. यथावकाश लेक नोकरीला पुण्याला गेली. कुत्रं तिचं, संसार आमचा.

तर हा एवढासा जीव दिवाणखान्यात आला की चारी पाय चार दिशांना. धावायला जायचा आणि सोफ्यावर आपटायचा. पहिल्या लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी (महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले, ते कॉलेज 1955 पासूनचं, त्यामुळे आपल्या माळव्यात जनावरांच्या डॉक्टरांना तोटा नाही) त्याला टेबलावर चालवून बघितलं आणि विचारलं, "घरात फरशी कुठली?" मी खुर्ची पुढे ओढली. ते सांगू लागले, वाढत्या पिल्लाचे पाय सारखे घसरले की खुब्यावर आणि गुडघ्यावर ताण येतो, पुढे म्हातारपणी ते बाहेर पडतं. पंजाच्या गाद्यांमधले केस वाढले तर पकड आणखी जाते. नखं लांब झाली की पाऊल नीट टेकतच नाही. गुळगुळीत फरशी कुत्र्याला सगळ्यात वाईट.

मी म्हटलं, "डॉक्टर, जरा मोठ्याने सांगता का? हे बाहेर बसलेत."

उपाय साधा होता. सतरंजी चालत नाही, तीच कुत्र्यासकट सरकते. खाली रबर असलेलं काहीतरी हवं. घरात तसं एकच होतं, ह्यांची योगा मॅट. 21 जूनला एका वर्षी मोठ्या उत्साहात आणलेली, त्यानंतर कपाटामागे शवासनात. कात्रीने तिच्या लांब पट्ट्या केल्या, आणखी दोन मॅट आणल्या, आणि दिवाणखाना ते स्वयंपाकघर ते मागचं दार असा जांभळा रस्ता तयार झाला. जीरूला दुसऱ्या दिवशी कळलं की रस्ता सोडायचा नाही. आलेली मंडळी बघतात, "अय्या, हे काय?" म्हणतात. नणंद तर पाय उचलून चालली. पण मला त्या दिवशी लख्ख वाटून गेलं की हा दिवाणखाना आम्ही इतकी वर्षं कुणासाठी राखला? शोकेस, काचेचं टीपॉय, कुणी बसू नये असा सोफा. सगळं वर्षातून चारदा येणाऱ्यांसाठी. टीपॉय आता माळ्यावर आहे, त्याचा कोपरा बरोबर जीरूच्या डोळ्याच्या उंचीला यायचा. रात्री बाथरूमला उठले की हे पट्टीवरूनच जातात, हे मी पाहिलंय. बोलत नाही.

फरशीचं झालं, पण खरं प्रकरण स्वयंपाकघरातलं. लेकीने फोनवर यादी सांगितली आणि मी पोळ्या करता करता ऐकत गेले. चॉकलेट नाही, ते ऐकून होते. कांदा नाही. कच्चा नाही, शिजलेला नाही, वाळवलेला नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लसूणही त्यातलाच. म्हणजे इंदुरात जन्मून, जीरावन नाव धारण करून, या पोराच्या नशिबात पोहे नाहीत! वरून कांदा न घातलेले पोहे कुणी पाहिलेत का इथे? मग द्राक्षं. आणि बेदाणे. त्याने मूत्रपिंडं जातात, आणि किती खाल्ल्यावर जातात याचा काही भरवसा नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभर पचतात, एखाद्याला थोडीशीही भारी पडतात. असं का, ते फार वर्षं कुणाला कळत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. आता हे आम्ल आणखी कशात असतं, तर चिंचेत. "म्हणजे आमटीपण नाही," मी म्हटलं. पलीकडून लेक हसत होती. मला हसू येत नव्हतं, ब्राह्मणाच्या घरी चिंचगुळाची आमटी धोकादायक पदार्थांत जमा झाली होती.

ह्यांना मधुमेह, म्हणून खिशात शुगर-फ्री च्युइंगम. त्यात बरेचदा झायलिटॉल असतं. माणसाला निरुपद्रवी, कुत्र्याची साखर मात्र धाडकन खाली आणतं. ह्यांचे सदरे आता खुर्चीच्या पाठीवर नाही, खुंटीवर. पलंगावर कपडे टाकू नका म्हणून मी जन्मभर जे घसा फोडून सांगितलं ते एका अठरा किलोच्या प्राण्याने न बोलता करून घेतलं.

शेजारच्या काकूंची वेगळी तऱ्हा. येऊन त्याच्या कानाला हात लावतात आणि म्हणतात, "अगो, चटका बसतोय! तापाची अर्धी गोळी दे चुरून." त्यांना दर वेळी सांगते, काकू, कुत्र्याचं अंग मुळातच 101 ते 102.5 असं असतं फॅरनहाइटमध्ये, आणि आपली तापाची गोळी त्याला विष. त्या ऐकतात, मान हलवतात आणि पुढच्या वेळी पुन्हा कान धरतात.

माझं लहानपण रामबागेतल्या वाड्यातलं. तिथे कुत्र्याला घरात घेणं म्हणजे काय, हा विचारच कुणाच्या डोक्यात नव्हता. आजी शेवटची पोळी कुत्र्याची म्हणून बाजूला काढायची, रोज, न चुकता. उंबऱ्याच्या बाहेर दगडावर ठेवायची आणि पदर सावरत आत यायची. वाड्याचा कुत्रा एकच, काळ्या नावाचा, आणि त्याला उंबरा कुठे आहे हे आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. नाकाचा शेंडा उंबऱ्याच्या रेघेला लावून बसायचा, इकडे एक बोट नाही. आजोबांच्या खोलीत दत्ताची तसबीर, पायाशी चार कुत्री. मी आजीला विचारलं होतं, देवाजवळ चार-चार चालतात, मग आपला काळ्या एकटा का नाही चालत? आजी फुलवाती करत होती. मान वर न करता म्हणाली, "ते चार वेद आहेत. त्यांना बाहेर फिरवून आणावं लागत नाही."

आणि चंपाषष्ठी! हे गाव होळकरांचं, होळकरांचं कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबा म्हटला की कुत्रा आलाच. त्या दिवशी आमच्याकडे वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, कांद्याची पात. चातुर्मासभर वर्ज्य केलेला कांदा त्या दिवशी पानात परत यायचा, आणि कुत्र्यालाही नैवेद्य घालायचा. काळ्यासमोर पानावर रोडगा, त्यावर भरीत. अजून डोळ्यांसमोर आहे: काळ्याने रोडगा उचलला, दोनदा जोरात झटकला, भरीत अंगणभर उडालं, आणि कोरडा रोडगा घेऊन तो पिंपळाखाली गेला. आजोबा म्हणाले, माजलंय. आता वाटतं, त्याला यादी माहीत होती.

तेव्हा सुरक्षितता म्हणजे कुत्र्यापासून आपली. वाड्यातल्या एका मुलाला बाहेरचं कुत्रं चावलं आणि पोटात चौदा इंजेक्शनं, हे शब्द आम्ही नुसते ऐकले तरी पोट धरायचो. तो मुलगा रोज दवाखान्यात जाऊन यायचा आणि आम्ही त्याला सदरा वर करून दाखवायला लावायचो. ती पोटातली लस देशात 2004 च्या सुमारास कायमची बंद झाली, आता दंडावर चार-पाच टोचण्यांत भागतं. पण माझ्या वयाच्या माणसांचा हात अजून पोटाकडेच जातो. जीरूची दर वर्षीची रेबीजची लस मी कॅलेंडरवर लाल पेनने लिहिते, सत्यनारायणाच्या खाली.

बागेतली कण्हेर काढली. पिवळी, म्हणजे बिट्टी. तिच्या बियांनी आम्ही वाड्याच्या ओट्यावर खेळलो, आणि ती पानापासून बीपर्यंत विषारी, थेट हृदयावर जाणारी! आम्ही सगळे जगलो कसे, हा एक स्वतंत्र विषय. फाटकाजवळचं सायकसचं झाड, तेही कुत्र्याला विषारीच, हलवताना मात्र हे हळहळले. कुंडी गच्चीत गेली. गच्चीचं दार आता बंद असतं.

शहराचं म्हणाल तर जीरूची एकच तक्रार: कचरागाडी. गाडीचं गाणं कोपऱ्यावर लागलं की तो मान वर करून सूर लावतो, शेवटच्या कडव्यापर्यंत. 2017 ते 2023 आम्ही सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिले आलो, त्यामुळे कचऱ्याच्या बाबतीत इंदूरकराशी थट्टा चालत नाही. जीरूचे केस ओल्या डब्यात की कोरड्या? मी गाडीवाल्याला विचारलं. त्याने पिशवीत बघितलं, जीरूकडे बघितलं. "आंटी, नहलाया था क्या?" हो म्हटलं. "तो गीला."

दिवाळीचं तेवढं जमलेलं नाही. आपल्याला 20,000 हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, कुत्र्याला 40,000 च्या पुढचंही येतं. सुतळी बॉम्ब त्याच्या कानात काय करत असेल देव जाणे. जिन्याखालची जागा रिकामी केली, पडदा लावला, जुनी गोधडी टाकली. कूलर ऑक्टोबरात चालू ठेवला, नुसत्या आवाजासाठी, आणि आम्ही दोघं स्वेटर घालून बसलो. तरी तो थरथरत होता. त्याला कुशीत घेऊन बसावं तर डॉक्टर म्हणतात खुशाल बसा, आणि काकू म्हणतात लाडाने बिघडतो. मी डॉक्टरांचं ऐकलं.

परवा हे बाजारातून आले ते हातात चौकोनी पुडकं घेऊन. मॅट फिनिशची टाइल. खरखरीत, राखाडी, लांबून कोट्यासारखीच दिसणारी. "सगळं उखडून हीच टाकू म्हणतो. पाय नाही घसरत हिच्यावर." कुणाचा पाय, ते म्हणाले नाहीत. भाव ऐकला आणि मी विषय सोडून दिला. नमुना सोफ्याला टेकवून ठेवला होता. जीरू आला, चारी बाजूंनी हुंगला आणि सावकाश तंगडी वर केली.

हे पेपरमागून म्हणाले, "याचा अर्थ हो समजायचा की नाही?"