आज काय करू, ताई?

परवा 20 तारीख होती. आमच्या, म्हणजे दुकानदारांची टॅक्सची रिटर्न भरून देणाऱ्यांच्या, धंद्यात 20 तारीख म्हणजे काय ते ज्याला माहितीये त्याला माहितीये. महिन्याच्या जीएसटीचं 3बी नावाचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, एक दिवस जरी चुकला तरी दिवसाला 50 रुपये लेट फी, आणि क्लायंट महिनाभर "उद्या पाठवतो बिलं" म्हणत असतात आणि 19 ला रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर चाळीस फोटो येऊन पडतात, त्यातले सहा तिरके आणि एक पुतण्याच्या बारशाचा. तर सकाळी पावणेनऊ, पोर्टल नुसतं गरगर फिरतंय, मी ओटीपीची वाट बघत बसलेय आणि स्वयंपाकघरातून हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास आला. कसली फोडणी, मला माहिती नव्हतं. आणि तेव्हा एकदम लक्षात आलं की स्वयंपाकाच्या मावशींनी मला "आज काय करू, ताई?" असं विचारून कितीतरी महिने झालेत.

ही गोष्ट मला प्रचंड मोठी वाटते. का ते सांगते.

मी 2019 ला सीए फर्ममधली नोकरी सोडली आणि घरूनच छोट्या दुकानदारांची रिटर्न भरायला लागले. हार्डवेअर, स्टेशनरी, दोन बेकऱ्या, एक टायरवाले, असे हळूहळू 20-22 लोक झाले. म्हणजे माझं पोट कशावर चालतं, तर लोक आपलं काम मला देतात त्यावर. आणि घरी? घरी मी लसूण सोलत बसलेली असायचे. पोळ्या मी, भाजी मी, दळण मी, इस्त्री मी, गॅसचा नंबर मी लावणार, लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर 'नोटेड' मी लिहिणार. बाई फक्त भांडी आणि फरशीला. पोळ्यांना बाई कशाला, चार माणसांच्या तर पोळ्या, असं मीच लोकांना अभिमानाने सांगायचे.

हिशोब मला येत नव्हता असं नाही हो, हिशोबाचंच तर खाते. एका दुकानाचे महिन्याला 800 रुपये घेते आणि कागदपत्रं धड असतील तर तासाभराचं काम. आणि रोज सकाळचा दीड तास मी कणीक-पोळी-भाजीत घालवत होते. लेकीने कॅल्क्युलेटरवर केला असता एवढा सोपा हिशोब. पण स्वतःच्या घराचं बॅलन्सशीट कोण काढतं? शिवाय घरात सासूबाई, त्यांच्या ताटात दुसऱ्याच्या हातची पोळी कशी वाढायची, हा एक प्रश्न, जो त्यांनी कधीच विचारला नव्हता, मीच त्यांच्या वतीने स्वतःला विचारत होते.

डोळे उघडले ते एका हार्डवेअरवाल्या काकांमुळे. माणूस हुशार, कॉम्प्युटर येतो, दोनदा माझ्याशेजारी बसून बघितलंय त्यांनी कसं भरतात ते. मी एकदा म्हटलं काका, तुमचं तुम्हालाच जमेल, उगाच मला का पैसे देता. तर हसले. म्हणाले, "ताई, भरायला मला पण येतं. पण मला ते लक्षात नाही ठेवायचं. मी तुम्हाला पैसे देतो ते लक्षात ठेवायचे."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत होतं. कारण माझ्या डोक्यात त्या क्षणी काय काय होतं, तर बेसन संपलंय, आईंची, म्हणजे सासूबाईंची, बीपीची गोळी दोनच दिवस पुरेल, शनिवारी लेकीला पांढरे बूट, इस्त्रीचे कपडे आणायचेत.

2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात आहे की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला 289 मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष 88 मिनिटं. आकडे वाचून मला आश्चर्य वगैरे काही वाटलं नाही. मला फक्त असं वाटलं की ती 88 मिनिटं पण कुणीतरी सांगून करून घेतली असणार, त्या सांगण्याची मिनिटं कुठल्या रकान्यात धरली? आमच्याकडे तर नवरा भाजी आणायचा, पण यादी माझी, पिशवी मी काढून ठेवणार, आणि "कोथिंबीर आणि पालक, मेथी नाही" हे दोनदा फोनवर.

असो. मावशी आल्या. समोरच्या सोसायटीत पाच घरी करतात, आमचं सहावं. एका वेळच्या पोळ्या-भाजीचे साडेतीन हजार ठरले, महिन्याला चार सुट्ट्या पगारी, दिवाळीला एक पगार बोनस. पहिला आठवडा मी ओट्याला चिकटूनच उभी होते, त्या बिचाऱ्या कशा करत असतील काम कोण जाणे. मी कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवणारी, त्या मळली की लगेच लाटायला घेणाऱ्या. मी घडीला तेल बोटाने लावते आणि वर पिठी भुरभुरते, त्या तेलाच्या वाटीत गोळाच टेकवायच्या आणि एका हाताने घडी घालून मोकळ्या. 16 पोळ्या वीस मिनिटांत. मला पस्तीस लागायचे. तिसऱ्या दिवशी जेवताना आईंनी पोळी उचलली, कडेने उकलून बघितली, आणि मी श्वास रोखून. "पापुद्रा सुटतोय की," म्हणाल्या, "तुझी जरा जाड होते." बारा वर्षं जाड पोळ्या खाल्ल्या त्यांनी, एका शब्दाने बोलल्या नाहीत!

तर काम सुटलं. पण वेळ सुटला का? नाही. कारण रोज पावणेनऊला, बरोब्बर मी काहीतरी महत्त्वाचं उघडून बसले की दारात मावशी. "आज काय करू, ताई?" मग मी उठणार, फ्रीज उघडणार, वाकून खालचा ट्रे ओढणार, दुधी आहे पण लेक खात नाही, फ्लॉवर आहे पण काल झाला, मटकी भिजवायची राहिली. दहा मिनिटं. वर परत येऊन बसलं की कुठल्या बिलापाशी होते ते आठवायला अजून दहा. म्हणजे पोळ्या मी करत नव्हते, पण स्वयंपाक अजूनही माझाच होता.

मग मी वारांचा कागद केला. सोमवार भेंडी, मंगळवार उसळ असं व्यवस्थित टाइप करून फ्रीजवर चिकटवला. दोन आठवडे टिकला. सोमवारी भेंडी नसायची, मंगळवारी मटकीला मोड नसायचे, आणि प्रश्न बदलून "ताई, भेंडी नाही, मग काय करू?" असा झाला. त्याच काळात मी एका दहा-मिनिटांत-घरपोच अॅपच्या नादी लागले, भेंडी नाही ना, मागव. मागवली. भेंडीबरोबर चीजचे क्यूब, मखाने आणि एक वाटीभर आइस्क्रीम पण आलं. महिनाअखेरीला बँकेचं स्टेटमेंट बघून अॅप काढून टाकलं आणि वाण्याकडे परत गेले. त्याला महिन्याच्या पहिल्या रविवारी यादी व्हॉट्सअॅप करते, मुलगा आणून देतो, आणि वाणी मला मखाने घ्या म्हणत नाही.

शेवटी मीच मावशींना म्हटलं, मावशी, भाजी तुम्हीच आणत जा ना. येताना त्यांच्या रस्त्यावर भाजीवाले बसतातच. आठवड्याला 700 रुपये हातात देते, काय आणायचं, कधी काय करायचं सगळं त्यांनी ठरवायचं, आणि त्या जास्तीच्या कामाचे महिन्याला 500 वेगळे. हे 500 वेगळे द्यायचं नवऱ्याला पटत नव्हतं, "येताना घेऊनच तर यायचीय". मी म्हटलं, तू घेऊन येतोस तेव्हा मी फोनवर किती वेळ असते? मग गप्प बसला. एक नियम मात्र स्वतःला घालून घेतला, ताटात येईल ते खायचं, नाव ठेवायचं नाही. सोपा नाहीये हा नियम. मावशींना तोंडली आवडत नाहीत, त्यामुळे आमच्या घरात तोंडली जवळपास बंद झालीत, आणि भोपळा मात्र माझ्या आयुष्यात इतका कधीच खाल्ला नव्हता.

हे जमल्यावर बाकीचं पण त्याच पद्धतीने केलं. म्हणजे काम वाटून नाही दिलं, अख्खं खातंच देऊन टाकलं. आईंची औषधं नवऱ्याकडे, म्हणजे आणणं नाही नुसतं, संपायच्या आधी कळणंसुद्धा. दळण गिरणीवाल्याचा पोरगा डबा नेतो-आणतो, वीस रुपये जास्त. वीजबिल, गॅस, मोबाईल ऑटो-पेला. इथे एक फजिती सांगायलाच पाहिजे. घरपट्टी. दुसऱ्यांच्या तारखा लक्षात ठेवून पैसे कमावणारी मी, मला वाटलं घरपट्टी नवऱ्याने भरली, नवऱ्याला वाटलं टॅक्सचं काहीतरी आहे म्हणजे बायकोने भरलीच असणार. मुदतीतली सवलत गेली ती गेलीच, वर दरमहा 2 टक्क्यांनी शास्ती. हार्डवेअरवाल्या काकांना हे सांगितलेलं नाही आणि सांगणार पण नाही.

आता कुणी विचारेल, सुटलेल्या वेळात किती कमावलेस? पहिल्या वर्षात तीन नवीन दुकानं घेतली. म्हणजे 2400. मावशींना 4000 देते. वजाबाकी तुम्हीच करा. पुढच्या वर्षी अजून चार आली तेव्हा कुठे गणित माझ्या बाजूला झुकलं. खरं सांगायचं तर पहिले चार-पाच महिने मी सुटलेला अर्धा वेळ झोपण्यात आणि रील बघण्यात घालवला आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. साडेपाचऐवजी साडेसहाला उठणं ही काय चीज आहे ते बारा वर्षांनी कळलं.

कपड्यांच्या घड्या मात्र कुणाला दिलेल्या नाहीत. इस्त्रीला जातात ते वेगळे, पण दोरीवरचे रोजचे कपडे रात्री आई आणि मी सिरियल बघत घड्या घालतो. नवरा म्हणाला होता भांडीवाल्या बाईंना सांग, शंभर-दोनशे घेतील. आईंनी त्याच्याकडे असं बघितलं की विषयच संपला.

आणि मावशी? त्या इडलीचं पीठ विकत आणतात. मला एकदा कळलं तेव्हा मी जरा चकित झाले, इतकी सुगरण बाई. "सहा घरच्या पोळ्या लाटून घरी जाऊन डाळ-तांदूळ वाटत बसू का, ताई?" म्हणाल्या. बरोबरच आहे.

तर परवाची ती फोडणी लाल भोपळ्याचीच निघाली. रिटर्न पावणेबाराला एकदाचं फाइल झालं, मी पाणी प्यायला आत गेले तर मावशी ओटा पुसून निघायच्या तयारीत. त्यांच्या मुलाने मोबाईल कव्हर विकायचा छोटा गाळा घेतलाय. "ताई, त्याला कुणीतरी सांगितलंय जीएसटी भरावं लागतं. तुम्ही बघाल का? त्याच्या काही ध्यानात राहत नाही." मी म्हटलं, मावशी, दुकानातच विकतोय ना, वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागतच नाही त्याला, काळजी करू नका.

मावशींनी चप्पल घातली. "आता नसूदे," म्हणाल्या, "पण लागेल तेव्हा तुम्ही लक्षात ठेवा हां."