फॉरमॅट मारण्याआधी सी-फाइव्ह बघा

खानापुरात लग्नपत्रिकांचं काम करणाऱ्या वहिनींचा लॅपटॉप बेळगावात माझ्याकडे आला तो ऐन लग्नसराईत. "दादा, लई स्लो झालाय बघा. फॉरमॅट मारून द्या की, पत्रिका अडकल्यात." आत ५०० जीबीची, ५४०० आरपीएमची अडीच इंची हार्ड डिस्क. फॉरमॅटला मी साफ नकार दिला. मराठी-कन्नड पत्रिकांच्या सगळ्या कोरल (डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या) फाइली तिच्यावरच होत्या आणि दुसरीकडे कुठंच कॉपी नव्हती.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसत होती, पण वाचनाचा वेग जेमतेम काही केबी. हे दोन आकडे नेहमी जोडीनं वाचावेत. १०० टक्के आणि वेग ७०-८० एमबी असेल, तर डिस्क खरोखर राबते आहे. मग अपडेट, अँटिव्हायरस नाहीतर कमी रॅम तपासायची. १०० टक्के असून वेग नाही, म्हणजे डिस्क बहुधा एखाद्या खराब सेक्टरवर, म्हणजे डेटा साठवायच्या छोट्या कप्प्यावर, अडून तोच पुन्हा पुन्हा वाचते आहे. विंडोजच्या घडामोडी नोंदवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये डिस्कच्या नावानं ७ आणि १५३ हे क्रमांक सापडले. ७ म्हणजे बॅड ब्लॉक, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर. त्यात रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, मुळात हेक्समध्ये (सोळावर आधारलेल्या अंकपद्धतीत) दिसते, तिथं पुष्कळांची गफलत होते. सी-फाइव्ह, म्हणजे अडकून पडलेल्या सेक्टरांच्या नोंदीसमोर 'वन-ए-एट' होतं, म्हणजे ४२४ सेक्टर वाचता न आल्यानं ताटकळत पडलेले. झिरो-फाइव्ह, म्हणजे बदलून दिलेल्या सेक्टरांचा आकडा, मात्र शून्य. शून्य बघून डिस्क चांगली समजू नये. वाचता न येणाऱ्या सेक्टरवर नवीन लिखाण होईपर्यंत डिस्क तो सहसा बदलत नाही, कारण आतला डेटा अजून मिळेल अशी आशा असते. सी-सेव्हन, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा, तोही शून्य होता, म्हणून केबल-कनेक्टरवरचा संशय गेला. आणि स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींचा, डिस्कनंच दिलेला एकूण निकाल? 'पास्ड'! तो फक्त कंपनीनं ठरवलेली मर्यादा ओलांडली का एवढंच सांगतो. त्याच्या भरवशावर राहू नका.

इथं चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणारी आज्ञा, 'स्लॅश आर' देऊन चालवणं घातक. ती अख्खी डिस्क घासून वाचते, फाइल सिस्टिममध्ये बदल लिहिते आणि मरायला टेकलेल्या हेडला (डिस्क वाचणाऱ्या भागाला) आणखी राबवते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही ऐकू नये, बाहेर काढली की आत दव धरतं.

डिस्क काढून डेस्कटॉपच्या साटा पोर्टला थेट जोडली. यूएसबी केसमध्ये अडकलेल्या वाचनाला केसची चिपच कधी कधी हात टेकते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडी-रेस्क्यू हे खराब डिस्कवरचा डेटा उचलणारं साधन लावलं, इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल, एक टीबीच्या एनटीएफएस डिस्कवर. फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ४ जीबीच्या पुढं फाइल मावत नाही. डिस्कवरून थेट डिस्कवर उतरवायचं असेल, तर ४८० जीबीची एसएसडी ५०० जीबीला पुरत नाही, हेही आधीच मोजावं. पहिली फेरी 'मायनस एन' देऊन, म्हणजे सोपं आहे ते आधी उचलायचं आणि वाईट जागा सोडून पुढं जायचं. दुसऱ्या फेरीत 'मायनस डी, मायनस आर थ्री', उरलेल्या जागांवर तीन प्रयत्न. कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल मात्र द्यायचीच. मध्येच वळीव आला, वीज गेली, यूपीएसही संपला. वीज आल्यावर त्याच मॅप फाइलसह तोच हुकूम दिला आणि काम राहिलं होतं तिथूनच पुढं सुरू झालं.

न मिळालेल्या जागी कोणत्या फाइली होत्या, हे कळायला इमेजची आणखी एक कॉपी घेतली. डीडी-रेस्क्यूच्या फिल मोडनं तिच्यातल्या त्या न मिळालेल्या जागी एक खुणेचा शब्द भरला, ती कॉपी फक्त वाचण्यापुरती माउंट केली (डिस्कसारखी उघडली) आणि ग्रेप या शब्द शोधणाऱ्या आज्ञेनं तो शब्द शोधला. बहुतेक घाव विंडोजच्या फाइलींवर होते, थोडे जुन्या फोटोंवर. पत्रिकांच्या फाइलींत खूण कुठंच सापडली नाही.

विंडोजच्याच फाइली फाटलेल्या, म्हणून क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, केला नाही. नव्या एसएसडीवर विंडोज पहिल्यापासून टाकलं, कोरल आणि दोन्ही भाषांचे फॉन्ट बसवले आणि वहिनींना समोर बसवून चालू ऑर्डरींची एकेक पत्रिका उघडायला लावली. जुनी डिस्क नाव लिहून त्यांच्याच हातात दिली: "सगळं तपासून होईस्तोवर हिला कुठं जोडू नका, वहिनी."