वजा ३.१ आणि वजा १.९

दुधातले अफ्लाटॉक्सिन एम१ हे बुरशीपासून येणारे विष प्रयोगशाळांना कितपत अचूक मोजता येते, हे पडताळण्याचे काम मी पुण्यात करते. एकाच दुधाच्या बाटल्या अनेक प्रयोगशाळांकडे जातात, त्यांचे आकडे येतात, आणि प्रत्येकाचा आकडा निश्चित मूल्यापासून किती दूर पडला ते झेड-स्कोर सांगतो. वजा २ ते अधिक २ समाधानकारक, ३ च्या पलीकडे असमाधानकारक.

ही बाटली तयार करणे बाहेरच्यांना वाटते तितके सोपे नाही. बुरशी लागलेली पेंड खाल्लेल्या गाईच्या यकृतात पेंडीतल्या अफ्लाटॉक्सिन बी१ चे एम१ होते आणि दुधात उतरल्यावर ते केसीन या दुधातल्या प्रथिनाला धरून राहते. दुधात वरून मिसळलेले विष तसेच वागेल याची खात्री नसते, म्हणून आम्ही मुळातच दूषित असलेले दूध मिळवतो, ते स्वच्छ दुधात मिसळून मंद उजेडात ढवळतो, तपकिरी बाटल्यांत भरून गोठवतो, आणि त्यांतल्या कोणत्याही दहा बाटल्या दोन-दोनदा तपासल्याशिवाय एकही बाहेर पाठवत नाही.

या फेरीचे मूल्य किलोला ०.६२ मायक्रोग्रॅम होते. भारतात कायद्याची मर्यादा ०.५ आहे. शहराजवळच्या एका प्रयोगशाळेने ०.२० कळवले. स्कोर वजा ३.१. तिथल्या प्रमुखांचा लगेच फोन आला की आमची रिकव्हरी, म्हणजे मुद्दाम घातलेल्या विषापैकी चाचणीत परत सापडणारा वाटा, ९६ टक्के आहे, तेव्हा बाटलीतच दोष असणार. आपल्या आकड्याआधी दुसऱ्याच्या बाटलीवर संशय घेण्याची ही सवय मला फार खटकते. दुसऱ्याच दिवशी मी राखीव बाटल्या घेऊन तिथे गेले.

तिथल्या मुलीने दूध ३७ अंशांपर्यंत कोमट केले, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून साय काढली, सगळे नेटके. नंतर विष धरून ठेवणारी अँटिबॉडीची नळी, म्हणजे कॉलम, तिने फ्रीजमधून काढून थेट व्हॅक्यूमच्या मॅनिफोल्डवर लावला आणि दूध खेचायला व्हॅक्यूम पूर्ण जोरात लावला. मिनिटाला दोन-तीन मिलिलिटर या वेगाने ५० मिलिलिटर दुधाला सतरा ते पंचवीस मिनिटे लागायला हवीत. इथे ते चार मिनिटांत उतरले. अँटिबॉडीला विष धरायला वेळच मिळाला नाही.

मग रिकव्हरी ९६ कशी? मी नोंदवही मागितली. प्रमाणद्रावण, म्हणजे विषाचे माहीत असलेल्या प्रमाणाचे द्रावण, दुधात न घालता कॉलममधून सोडवलेल्या द्रावात, म्हणजे सगळे नुकसान होऊन गेल्यावर घातले जात होते. तो आकडा यंत्र ठीक असल्याचे सांगत होता, पद्धतीबद्दल काहीच सांगत नव्हता. मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, संध्याकाळपर्यंत सगळे नमुने संपवायचे असतात." प्रमुख शेजारी उभे होते, ते काही बोलले नाहीत. दोष तिचा नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉलम खोलीच्या तापमानाला आणून, थेंबाथेंबाने दूध सोडून आम्ही पुन्हा चाचणी केली तेव्हा ०.५७ आले.

हे प्रकरण निस्तरले. मला अजून छळते ते त्याच फेरीतले दुसरे. आणखी एका प्रयोगशाळेने ०.३६ कळवले होते. इतक्या सूक्ष्म प्रमाणांसाठी मान्य विचलन मूल्याच्या २२ टक्के धरतात आणि स्कोर त्याच्या पटीत मोजतात, त्यामुळे ०.३५ ते ०.८९ मधले सगळे समाधानकारक ठरते. तिचा स्कोर वजा १.९. इतक्या कमी प्रमाणात प्रयोगशाळांचे आकडे पांगतातच, त्यामुळे हा नियम मला चुकीचा वाटत नाही. पण कायद्याच्या मर्यादेबाहेरचे हेच दूध त्या प्रयोगशाळेने योग्य म्हणून पुढे जाऊ दिले असते. हे विष उकळल्यानेही जात नाही, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनांना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

नियमाप्रमाणे मी त्या अहवालावर 'समाधानकारक' लिहून सही केली. सोबतच्या पत्रात एक ओळ जास्तीची घातली, की रिकव्हरीसाठीचे प्रमाणद्रावण कॉलमपूर्वी, दुधातच घालावे आणि कॉलमचा वेग तपासावा. त्या पत्राला अजून उत्तर आलेले नाही.