मॉर्गेजमधले मेलेले तारण

उच्च न्यायालयात दाखल करायच्या मराठी दस्तांचे इंग्रजी भाषांतर करणे हा माझा व्यवसाय आहे. गेल्या वर्षी साताऱ्याकडचे एक जुने गहाणखत माझ्याकडे आले. ते ताबेगहाण होते: जमीन सावकाराच्या वहिवाटीस दिलेली आणि ‘उत्पन्न व्याजात घ्यावे’ अशी अट. पक्षकार आजोबा स्वतः आले होते. सावकाराच्या घराण्याने इतकी वर्षे पिके घेतली, त्यातच कर्ज फिटले, असे त्यांचे ठाम म्हणणे होते.

मी ‘मॉर्गेज’ लिहिले आणि त्या शब्दाचे मूळ आठवले. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मॉर’ म्हणजे मृत आणि ‘गाज’ म्हणजे तारण. (‘एंगेजमेंट’ याच ‘गाज’वरून आली, आणि आपला ‘मृत’ त्या ‘मॉर’चा दूरचा भाऊबंद आहे.) तारण मृत का, याचे प्रसिद्ध स्पष्टीकरण सतराव्या शतकातील न्यायाधीश एडवर्ड कोक यांच्या भाष्यात आहे: कर्ज फिटले नाही तर जमीन ऋणकोला मेली, फिटले तर तारण धनकोला मेले. हे वाचायला छान वाटते, पण मला ते मागाहून जुळवलेले वाटते. कारण बाराव्या शतकाच्या अखेरीस ग्लॅनव्हिलच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या इंग्लिश कायदेग्रंथात भेद निराळाच सांगितला आहे. ज्या तारणाच्या उत्पन्नातून मुद्दल फिटत जाते, ते जिवंत. ज्याचे उत्पन्न धनको घेतो, पण कर्ज मात्र तसूभरही कमी होत नाही, ते मृत. या मृत गहाणाकडे तो ग्रंथ व्याजखोरीचाच प्रकार म्हणून पाहतो.

आजोबांच्या दाव्याचा कणा नेमका हाच होता. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 58 नुसार ताबेगहाणाचे उत्पन्न व्याजापोटी, मुद्दलापोटी किंवा अंशतः दोन्हींपोटी घेता येते. म्हणजे इंग्लंडातले जिवंत आणि मृत असे दोन्ही प्रकार आपल्या कायद्यात एकाच व्याख्येत बसतात, आणि कोणता लागू होईल हे दस्ताच्या शब्दांवर ठरते. म्हणून ‘व्याजात’ या एका शब्दाचे भाषांतर मी ‘व्याजाच्या बदल्यात’ अशा अर्थाचेच ठेवले. ‘कर्जफेडीत’ अशी छटा त्यात येऊ द्या, असे त्यांच्या वकिलांनी सुचवले होते, ते मी नम्रपणे नाकारले.

आजोबांना मी हे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे मुद्दल भरल्याशिवाय रान सुटत नाही, असंच ना?” गहाण सोडवण्याचा हक्क कायद्याने शाबूत असल्याचे वकिलांनी त्यांना सांगितले, आणि मुद्दल न्यायालयात भरण्याची तयारी दाखवणारा मजकूर त्याच दुपारी तयार झाला.