मुठीतले बळ आणि पाचशे ग्रॅम

फोंडा, रविवार, रात्री

आज नेमबाजीच्या रेंजवरून परतल्यावर उजवे मनगट ठणकले नाही, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. गेल्या पावसाळ्यात दुचाकी घसरून मनगटाचे हाड मोडले, प्लेट बसली, यथावकाश हाड सांधलेही. परंतु करंगळी आणि अनामिकेतला जोर काही पूर्ण परतला नाही. आणि मी खेळतो ते दहा मीटर एअर पिस्तूल, म्हणजे दहा मीटरवरच्या लक्ष्यावर हवेच्या दाबाने छर्रा सोडणारे पिस्तूल! एका हाताने, मनगटाला कसलाही आधार न देता. नेम धरणाऱ्या हातावर साधे घड्याळसुद्धा चालत नाही. स्पर्धेत 75 मिनिटांत 60 नेम मारायचे, म्हणजे किलोभर वजनाचे ते पिस्तूल किमान तितक्या वेळा खांद्याच्या रेषेत उचलायचे.

भेटणारा प्रत्येकजण वजनाविषयीच विचारतो. प्रत्यक्षात वजनापेक्षा ट्रिगर अधिक छळतो. नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा लागतो, म्हणजे तो सुटायला किमान तेवढ्या वजनाइतका जोर लागला पाहिजे. धडधाकट हातात तर्जनी एकटी मागे येते आणि बाकीची बोटे मूठ आहे तशी धरून ठेवतात. दुबळ्या हातात मात्र तर्जनी हलली की उरलेली बोटेही तिच्या मदतीला धावतात, मूठ नकळत आवळली जाते, नळीचे तोंड खाली डावीकडे झुकते आणि छर्रा मध्य सोडून घड्याळातल्या सात-आठच्या दिशेला जाऊन बसतो. यावर अधिक घट्ट धरणे हा उपाय नव्हे, कारण मग हातच थरथरू लागतो. दाब कमी असला तरी चालतो. तो पहिल्या नेमापासून शेवटच्या नेमापर्यंत सारखा राहिला पाहिजे.

म्हणून हाताला बळ येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा पिस्तुलाची लाकडी मूठच हाताजोगी करून घ्यायचे ठरवले. आमच्या वाड्यावरच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, माझ्या तळव्याला काजळ फासले, मूठ धरायला लावली आणि जिथे काळे उमटले तिथे कानस फिरवली. जिथे लाकूड कोरेच राहिले तिथे लांबीचा (पुट्टीचा) पातळ थर देऊन तो वाळल्यावर घासला. करंगळीखालची पोकळी भरली गेली आणि तळव्याखालची फळी किंचित वर आली. मूठ हाताला वेढणारी नसावी एवढा नियम मी त्याला सांगितला होता. बाकी सारे त्याने स्वतःच्या अकलेने केले, आणि महागड्या तयार मुठीपेक्षा ते मला सरस वाटते.

डाव्या हाताने खेळण्याचा सल्ला देणाऱ्यांची उणीव नाही. हंगेरीच्या कारोली टाकाच यांचा उजवा हात 1938 मध्ये हातबॉम्बने निकामी झाला आणि त्यांनी डाव्या हाताने 1948 व 1952 अशा दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवले, हे मला आता तोंडपाठ झाले आहे. आपल्या मनीष नरवालचा उजवा हात जन्मतः अधू. टोकियो पॅरालिंपिकमधले सुवर्ण त्याने डाव्या हातानेच आणले. आदर पूर्ण आहे, परंतु माझा उजवा हात निकामी झालेला नाही, तो फक्त लवकर थकतो. एवढ्यासाठी त्याला रजा द्यावी असे मला वाटत नाही.

आज मात्र प्रशिक्षकांनी स्प्रिंगच्या स्टँडवर टेकवलेली एअर रायफल दिली. पॅरा नेमबाजीत ज्यांच्या हातांना रायफलचा भार पेलत नाही, त्यांच्या एसएच-2 वर्गाला असा स्टँड मिळतो आणि गरजेप्रमाणे छर्रा भरून देणारा साहाय्यकही. त्या वर्गात पिस्तूल नाही, आणि कायमस्वरूपी व्यंगाची अट असल्यामुळे स्पर्धेत मला तो लागूही होणार नाही. सरावाला मात्र कोणाची हरकत असणार? स्टँड घेतला म्हणजे सारे सोपे झाले, अशी जी कुजबुज होते ती करणाऱ्यांनी एकदा मागे बसून पाहावे. पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ 11.5 मिलिमीटरचे असते, तर रायफलचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. स्प्रिंग श्वासागणिक डोलते. भार गेला, पण डोळ्याचा आणि ट्रिगरचा प्रत्येक दोष उघडा पडला. रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाचे बंधन नसल्याने तो फार हलका ठेवता येतो, आणि त्यामुळे कित्येक महिन्यांनी माझी तर्जनी इतर बोटांना न जागवता हलली.

यापुढे एक दिवस रायफल आणि एक दिवस पिस्तूल असे आलटून पालटून करीन म्हणतो. फिजिओथेरपिस्टबाईंनी दिलेला मऊ चेंडू रोज दाबायचा आहेच. मुठीला अंगठ्यापाशी अजून थोडी कानस हवी आहे, पण मेस्त सध्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) माटोळ्यांच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटींच्या, कामात बुडाला आहे, तेव्हा ते आता चवथीनंतरच.